आयएल-४ घातलं की औषध हरतं? आधी कंट्रोल बघा

सीएलएल, म्हणजे क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया, हा रक्ताचा एक कर्करोग. त्याच्या पेशी रुग्णाच्या रक्तात महिनोन्महिने तग धरतात. त्याच पेशी काढून प्रयोगशाळेतल्या प्लेटमध्ये ठेवल्या, तर औषधाचा थेंबही न घालता दोन-तीन दिवसांत त्यातल्या बऱ्याच मरतात. शरीरात त्यांना बाहेरून आधार मिळत असतो, प्लेटमध्ये तो तुटतो. सीएलएलमध्ये औषधाचा परिणाम मोजताना बहुतेक घोळ इथूनच सुरू होतात.

हा आधार मुख्यतः लसीकाग्रंथी आणि अस्थिमज्जेत मिळतो. तिथल्या टी पेशी सीडी४० लिगँड (पेशीवरच्या सीडी४० रिसेप्टरला जोडणारं प्रथिन) आणि आयएल-४ (इंटरल्यूकिन-४, म्हणजे पेशींमध्ये निरोप पोचवणारं एक प्रथिन, सायटोकाइन) पुरवतात, तर मोनोसाइट या पांढऱ्या पेशींपासून तयार झालेल्या 'नर्स-लाइक' पेशी बाफ, एप्रिल आणि सीएक्ससीएल१२ ही आधार देणारी प्रथिनं. आयएल-४ रिसेप्टरला चिकटलं की जॅक१ आणि जॅक३ ही एन्झाइम्स कामाला लागतात, स्टॅट६ या निरोप्या प्रथिनावर फॉस्फेट चढतं, ते केंद्रकात जातं आणि पेशीचा मृत्यू रोखणारी प्रथिनं वाढतात. सीडी४०चा रस्ता वेगळा: तो एनएफ-कप्पा-बी या जनुकं चालू करणाऱ्या प्रथिनामार्गे बीसीएल-एक्सएल आणि बीएफएल-१ ही मृत्यू रोखणारी प्रथिनं वाढवतो. वेनेटोक्लॅक्स या सीएलएलवरच्या औषधाची अडचण नेमकी इथे होते. ते बीसीएल-२ या मृत्यू रोखणाऱ्या प्रथिनाला धरतं आणि बीसीएल-२ने अडकवलेलं, पेशीला मारणारं बिम सुटतं, पण बीसीएल-एक्सएल भरपूर असेल तर तेच बिमला पुन्हा पकडतं. फ्लुडाराबीन या केमोथेरपीच्या औषधाचा मारा डीएनएवर असतो, पण पेशी शेवटी मरते ती मायटोकॉन्ड्रियाच्या याच दारातून, त्यामुळे तेही यातून सुटत नाही.

प्लेट लावायची तर १० टक्के सीरम घातलेल्या आरपीएमआय १६४० या पोषक द्रवात प्रति मिली १० लाख पेशी घ्या. आयएल-४ प्रति मिली १० नॅनोग्रॅम पुरतं. ते औषधाच्या निदान काही तास आधी घाला, कारण नवी प्रथिनं बनायला वेळ लागतो. औषधाबरोबरच घातलं तर संरक्षण कमी दिसू शकतं. फ्लुडाराबीनसाठी १ ते १० मायक्रोमोलरची मालिका लावा आणि फ्लुडाराबीन फॉस्फेटऐवजी एफ-आरा-ए, म्हणजे त्याचं बिनफॉस्फेटचं रूप, वापरा. फॉस्फेटचं रूप तसंच्या तसं पेशीत शिरत नाही, आधी फॉस्फेट निघावा लागतो, मग पेशीच्या आत तो पुन्हा चढतो. डीएमएसओ (औषध विरघळवणारा द्रव) सगळ्या वेलमध्ये, म्हणजे प्लेटच्या खळग्यांत, सारखाच ठेवा, ०.१ टक्क्याच्या आत. मोजणी २४ आणि ४८ तासांनी, फ्लो सायटोमीटरवर, सीडी१९ आणि सीडी५ या सीएलएल पेशीच्या दोन्ही खुणा असलेल्या पेशींवर गेट लावून (म्हणजे फक्त त्याच निवडून), अॅनेक्सिन व्ही आणि पीआय या मरणाऱ्या आणि मेलेल्या पेशी दाखवणाऱ्या डागांनी.

आता हिशोब. आकडे समजण्यापुरते घेतलेत. औषध नाही, आयएल-४ नाही: ३० टक्के मेलेल्या. फक्त औषध: ६५. फक्त आयएल-४: १०. दोन्ही: ४०. औषधाने किती मारल्या हे काढायचं तर औषधाच्या आकड्यातून कंट्रोलचा आकडा वजा करा आणि १०० वजा कंट्रोलने भागा. आयएल-४ नसताना ३५ भागिले ७०, म्हणजे ५० टक्के. असताना ३० भागिले ९०, म्हणजे ३३. पण इथे चुकून पहिलाच कंट्रोल धरला, तर १० भागिले ७०, जेमतेम १४ टक्के येतं आणि औषध जवळजवळ निकामी झाल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात आयएल-४ने आपोआप मरणाऱ्या पेशीही वाचवल्या, आणि ते श्रेय औषधाला रोखण्याच्या खात्यात जमा झालं. म्हणून प्रत्येक सायटोकाइनला त्याचा स्वतःचा बिनऔषधी कंट्रोल हवाच. यात काटकसर नको.

पेशीच्या चयापचयातून तयार होणारा रंग मोजणाऱ्या एमटीटी चाचणीवर माझा फारसा विश्वास नाही. या पेशी प्लेटमध्ये जवळजवळ विभागत नाहीत, त्यामुळे सिग्नल मुळात क्षीण असतो. त्यात सायटोकाइनने पेशीचा चयापचय वाढवला, तर जिवंत पेशींची संख्या तीच असूनही रंग गडद येतो. अॅनेक्सिनचीही एक खोड आहे. त्याला कॅल्शियम लागतं. कॅल्शियम पकडून ठेवणारं ईडीटीए घातलेल्या बफरने धुवून तसंच डागलं, तर मरायला लागलेल्या पेशीही अॅनेक्सिनला ठणठणीत दिसतात. आणि मोनोसाइट काढून न टाकता दाट पेशी दोन आठवडे ठेवल्या, तर नर्स-लाइक पेशी तिथेच तयार होतात. मग 'सायटोकाइन न घातलेली' वेल नावापुरतीच तशी उरते.

सगळी सायटोकाइन्स पेशीची पाठराखण करतात असंही नाही. आयएल-२१ सीएलएलच्या पेशीत बिम वाढवून तिला मृत्यूकडे ढकलतं. आयएल-४ आणि आयएल-२१ दोन्ही रिसेप्टरच्या एकाच सामाईक गॅमा साखळीचा आधार घेतात, पण आयएल-४ मुख्यतः स्टॅट६ चालवतं आणि आयएल-२१ मुख्यतः स्टॅट३. दिसलेलं संरक्षण खरंच जॅकच्या रस्त्याने येतंय का हे ताडायला एक वेल जॅक रोखणाऱ्या टोफासिटिनिबची ठेवा. ते आयएल-४च्या आधी घालायचं, आणि स्टॅट६वर फॉस्फेट चढणं खरोखर थांबलं का हे आयएल-४ घातल्यावर साधारण १५ ते ३० मिनिटांत पाहायचं. ४८ तासांनी फक्त मेलेल्या पेशी मोजल्या, तर टोफासिटिनिबने आयएल-४ रोखलं की पेशींना थेट मारलं, हे सांगता येत नाही. म्हणून टोफासिटिनिब एकटं घातलेली वेलही लागते.