हजेरीपट वाचता आला पाहिजे

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी माजी विद्यार्थी म्हणून चार शब्द लिहा, असं समितीने सांगितलं. शाळेचं ऋण आहेच. पण काम किशोरवयीन मुलांसोबतच असल्यामुळे शाळेच्या उपयोगी पडेल असं काही लिहावं, हे मला जास्त योग्य वाटतं.

सगळ्यांची नजर कर्नाटक बोर्डाच्या दहावीच्या 625 गुणांवर असते. मराठीचे 125 आणि बाकी पाच विषयांचे शंभर-शंभर. मूल खचतं ते बहुधा आठवी-नववीत, आणि गुण घसरतात ते सगळ्यात शेवटी. त्याआधी हजेरीपटावर खुणा दिसू लागतात. महिन्याची बेरीज बघून काही कळत नाही, वार बघावे लागतात. एखादी मुलगी दर महिन्याला सलग दोन-तीन दिवस येत नसेल, तर आधी स्वच्छतागृहात पाणी आहे का, आतून कडी लागते का, ते पाहावं. दिवाळीनंतर खाडे वाढले, तर घरचा ऊस तुटतोय का, धाकट्या भावंडांना सांभाळायला कोण आहे, ते विचारावं. आणि कन्नडच्या शुद्धलेखनाचा दिवस नेमका चुकत असेल, तर तो आळस नसतो, लाज असते.

ही लाज आपल्या सीमाभागात फार मुलांना गप्प करते. खानापूर-निपाणीकडची कितीतरी मुलं बाजारात, बसमध्ये कन्नड बोलतात; लिहायला बसली की जोडाक्षराशी अडतात. देवनागरीत बहुतेक वेळा पहिलं व्यंजन अर्धं होतं आणि दुसरं पूर्ण राहतं. कन्नडमध्ये पहिलं पूर्ण लिहून दुसरं त्याच्याखाली येतं, आणि स्वराची खूण वरच्या अक्षराला लागते. मराठीच्या सवयीचा हात ती दुसऱ्या अक्षराला द्यायला जातो. हा बुद्धीचा दोष नव्हे. पण वही वर्गासमोर वाचली गेली, चारजण हसले, की मूल हात वर करणं सोडतं. मग गणितातली शंकाही विचारत नाही. यासाठी रोज दहा मिनिटं पुरतात. दोघादोघांनी पाच जोडाक्षरी शब्द लिहायचे, एकमेकांचे तपासायचे, लाल शाई वापरायची नाही. जोडी 'हुशार आणि कच्चा' अशी लावू नये. हुशार मूल उत्तर सांगून मोकळं होतं. ज्यांचं एकमेकांशी जमतं अशी दोन मुलं शेजारी बसवावीत.

घरच्या बोलीचंही तेच. 'न्हाई' म्हणणाऱ्याला दर वाक्याला अडवलं, तर तो बोलणंच थांबवतो. बोलू द्यावं, निबंधात प्रमाण रूप शेजारी लिहून द्यावं.

झोपेकडे आपण फारच कमी बघतो. या वयात शरीराचं घड्याळच तास-दोन तास पुढे सरकतं, त्यामुळे लवकर झोप लागत नाही. गरज मात्र आठ ते दहा तासांची असते. बारापर्यंत मोबाइल आणि पहाटे पहिली बस असेल, तर पहिल्या तासाचं गणित डोक्यात शिरत नाही. गणिताचा तास तिसरा ठेवून पाहावा. घरी दहानंतर सगळ्यांचे फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावावेत, मोठ्यांचेसुद्धा.

गणिताच्या मधल्या पायऱ्या मनात जिथे धरून ठेवायच्या, तीच जागा परीक्षेची धास्ती अडवते. 2011 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पेपरच्या आधी दहा मिनिटं मनातली भीती कागदावर लिहून काढणाऱ्या घाबऱ्या मुलांचे गुण सुधारले. सराव परीक्षेला हे करून पाहता येईल. तो कागद शिक्षकांनी वाचायचा नाही, एवढी एकच अट.

मुलाला समोर उभं करून 'काय झालंय तुला?' विचारलं, की 'काही नाही' हेच उत्तर येतं. मैदान आखताना, वह्या उचलताना, शेजारी असताना 'झोप कधीपासून लागत नाही रे?' असं विचारावं. पालकांना बोलावलं, तर तक्रारीआधी मुलाची एखादी चांगली गोष्ट सांगावी, आणि ती खरी असावी. उदासी दोन आठवड्यांवर गेली, जेवण तुटलं, तर डॉक्टरांकडे न्यायला सांगावं. 'मी नसलेलंच बरं' अशी भाषा आली, तर मात्र मुलाला एकटं सोडू नये आणि घरच्यांना त्याच दिवशी बोलवावं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक रात्रंदिवस मोफत चालतो, मराठीतही आणि कन्नडमध्येही. त्रास घरातच होत असेल, तर मुलांसाठीची हेल्पलाइन 1098. हे दोन्ही क्रमांक ऑफिसच्या आत नकोत. पाण्याच्या टाकीजवळ, मुलांच्या नजरेच्या उंचीवर, दोन्ही लिप्यांत रंगवून घ्यावेत.