सायलेन्सर लाइन आणि सस्टेनेबिलिटीची एक्सेल

भोसरी एमआयडीसीत एका व्हेंडर कंपनीत मी एचआर बघते, नाव सांगत नाही कारण पगार अजून तिथूनच होतो. आमच्याकडे टू-व्हीलरचे सायलेन्सर बनतात, पाइप बेंडिंग, वेल्डिंग, पेंट सगळं एकाच शेडमध्ये. २०२४ च्या मार्चमध्ये एकाच दिवशी दोन मेल आले. सकाळी ग्राहक कंपनीच्या परचेसचा, की अमुक पेट्रोल स्कूटर कमी करत इलेक्ट्रिककडे जातोय, एप्रिलपासून शेड्यूल, म्हणजे आमच्याकडून घ्यायचा माल, निम्म्याच्याही खाली. आणि जेवणानंतर त्याच कंपनीच्या सस्टेनेबिलिटी टीमची एक्सेल, आठवड्यात भरून द्या म्हणून. सोलर किती किलोवॉट, पाणी किती रिसायकल, घातक कचरा कुठे जातो, खाली स्क्रोल करत बसा.

मालकांनी दुपारी बोलावलं, दुसरी लाइन बंद, कमी करायच्या माणसांची यादी काढा. परमनंट चार-पाच जण होते ते पेंट शॉपला सरकवले, त्यांचं काही अडलं नाही. राहिले कॉन्ट्रॅक्टवाले आणि ट्रेनी पोरं, त्यांच्यासाठी यादी म्हणजे कॉन्ट्रॅक्टरला एक फोन.

त्यात एक वेल्डर होते, सगळे त्यांना मामा म्हणतात, लातूरकडचे. पातळ पत्र्याला भोक न पाडता बीड, म्हणजे वेल्डची रेघ, कशी ओढायची हे निम्म्या लाइनला त्यांनीच शिकवलंय. शेडमध्ये अठरा वर्षं झाली, पण आमच्या रेकॉर्डला ते सात महिन्यांपूर्वी लागले. त्यांनी मोबाइलवर पीएफचं पासबुक उघडून माझ्यापुढे धरलं, यूएएन म्हणजे माणसाचा पीएफचा कायमचा नंबर एक, आणि खाली नोकरीगणिक मिळणारे मेंबर आयडी सहा, प्रत्येकापुढे वेगळा कॉन्ट्रॅक्टर, मधे कुठे दोन महिन्यांचा गॅप, कुठे तीन. २०१४ च्या आधीचं तर काहीच नाही, तेव्हा यूएएनच नव्हता. गॅपमध्ये कुठे होतात मामा, विचारलं तर म्हणाले, "हितंच की मॅडम, ह्याच मशीनवर. पगार हातात मिळायचा तेवढाच फरक."

आता कायदा बघा. तेव्हा लागू असलेला १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा म्हणायचा की कामावरून कमी करताना महिन्याची नोटीस नाहीतर तेवढा पगार द्या, वर नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार द्या. पण त्यासाठी आधीच्या वर्षात २४० दिवस भरलेले लागायचे, आणि सात महिन्यांत ते भरणार कसे? ग्रॅच्युइटीला तेव्हा एका मालकाकडे सलग पाच वर्षं लागायची, मामांची अठरा वर्षांत एकदाही झाली नाहीत. आणि हे कॉन्ट्रॅक्टर असे वेळेवर आपोआप बदलत नसतात हो, माझ्या टेबलावर बसलं की कळतं.

ग्राहकाने चाकणला बॅटरी पॅक असेंब्लीचं ट्रेनिंग ठेवलं होतं. अट आयटीआय पास आणि वय २५ च्या आत. मामा शेहेचाळीस, आठवी.

संध्याकाळी मामा गेटपर्यंत सोबत आले, माझ्या स्कूटरकडे बघून म्हणाले, "ही वाजत नाय, हिला आपला पाइप नाय." मला वाटलं आता चिडतील, पण नाही, कितीला पडली, रेंज किती देते असंच विचारत राहिले. मी २०२२ मध्ये घेतली तेव्हा फेम-२ ची, म्हणजे इलेक्ट्रिक गाड्यांसाठीच्या केंद्राच्या योजनेची, सबसिडी बॅटरीच्या दर किलोवॉट-अवरला १५,००० रुपये होती, म्हणजे तीन किलोवॉट-अवरच्या बॅटरीला ४५,००० च्या आसपास. गाडी विकत घ्यायची ऐपत होती म्हणून सरकारने मला एवढे दिले. ज्यांचं काम त्या गाडीमुळे गेलं त्यांना दिल्लीहून, मुंबईहून किंवा आमच्या मालकाकडून शून्य. इलेक्ट्रिक गाड्या नकोत असं मी अजिबात म्हणत नाही, नाशिक फाट्याला सिग्नलला उभं राहून बघा, हव्याच आहेत. पण हिशोब असा कसा?

मग ती एक्सेल उघडली. सेबीने पहिल्या १,००० लिस्टेड कंपन्यांना २०२२-२३ पासून बीआरएसआर रिपोर्ट, म्हणजे पर्यावरण आणि कामगारांसाठी कंपनी काय करते त्याचा अहवाल, सक्तीचा केलाय, त्यासाठीच हे व्हेंडरकडून गोळा करतात. त्यात एक प्रश्न चक्क असा, की निवृत्त होणाऱ्या किंवा काढलेल्या माणसाला पुढे रोजगार मिळावा म्हणून ट्रान्झिशन असिस्टन्स देता का? हो किंवा नाही. मी नाही टाकलं आणि रिमार्कमध्ये लिहिलं, तुमच्याच मेलमुळे आज लाइन बंद झाली, कॉन्ट्रॅक्टचे इतके लोक गेले, तुमच्या ट्रेनिंगची वयाची अट काढाल का.

दोन दिवसांनी फोन आला, मुलगी गोड बोलत होती. "मॅम, तो लीडरशिप इंडिकेटर आहे, ऑप्शनल असतो, ब्लँक ठेवला तरी चालेल, रिमार्क फक्त काढून टाका ना." मी काढला नाही. मग आमच्याच मालकांनी माझ्याकडून फाइल मागून घेतली.

मामांना मी ओळखीच्या वकिलांकडे पाठवलं. ते म्हणाले ठेका फक्त कागदोपत्री होता हे सिद्ध करावं लागेल, जुने गेट पास, बोनसच्या स्लिपा, असेल नसेल ते जपा. मामांकडे २००९ पासूनचे गेट पास निघाले. सध्या ते मोशीला ग्रिल-गेटच्या वर्कशॉपमध्ये रोजंदारीवर आहेत, पीएफ नाही. केस अजून टाकलेली नाही, फी सहा-सात जणांत वाटली तर परवडेल म्हणतात, पण दोघेच तयार आहेत, बाकीचे गावाकडे गेलेत आणि त्यांचे फोन लागत नाहीत.