वेतनपटाबाहेरची माणसे

सार्वजनिक आरोग्यसेवेच्या मालमत्ता विभागात माझा वेळ इमारतींपेक्षा त्यांच्याविषयीच्या पत्रव्यवहारातच अधिक जातो. त्या दिवशी जाहीर करायचा निर्णय असा होता की, जुनी तीन केंद्रे बंद करून त्यांतील कामकाज एका नव्या इमारतीत हलवायचे. साचत गेलेला दुरुस्तीचा खर्च, उद्वाहनाविना वापरावे लागणारे वरचे मजले आणि एका केंद्राचा संपत आलेला भाडेकरार ही कारणे खरी होती आणि ती तशीच सांगायचे ठरले होते.

सांगण्याचा क्रमही आखलेला होता: सकाळी कर्मचारी, लगोलग त्यांच्या संघटना, मग लोकप्रतिनिधी, त्यानंतर शेजारच्या रहिवाशांना पत्रे आणि दुपारी वृत्तपत्रांसाठी निवेदन. दोन टप्प्यांतील अंतर मुद्दाम कमी ठेवले होते, कारण आपले कामाचे ठिकाण बंद होणार हे बातमीतून कळले की पुढची सगळी स्पष्टीकरणे सारवासारव वाटू लागतात. मसुद्यात बंद होण्याची तारीख दुसऱ्या पानावर गेली होती आणि पहिला परिच्छेद दीर्घकालीन धोरणाच्या गौरवाने भरलेला होता; बरीच घासाघीस झाल्यावर ती तारीख पहिल्या ओळीत आली. (धोरणाचा तो परिच्छेद, माझ्या मते, मंजुरी देणाऱ्याखेरीज कोणीच वाचत नाही.)

सभेतले प्रश्न अपेक्षित होते: बदली कुठे होणार, वाहनतळ आहे का, जुन्या नोंदी कोण हलवणार. तेवढ्यात दाराशी उभ्या असलेल्या सफाई कामगार बाईंनी विचारले, “आणि संध्याकाळच्या लोकांना कोण सांगणार?” त्या ठेकेदारामार्फत येत असत. निमंत्रितांची यादी वेतनपटावरून केलेली असल्याने तीत त्यांचे नाव नव्हते. केवळ कामावर असल्यामुळे त्यांच्या कानी हे पडले. संध्याकाळचे लोक म्हणजे ऐकू कमी येणाऱ्यांचा एक गट. एका जुन्या अधिकाऱ्याच्या तोंडी परवानगीवर तो तळमजल्यावरच्या खोलीत वर्षानुवर्षे जमत होता, आणि आमच्या मालमत्ता नोंदवहीत त्याच खोलीपुढे ‘वापरात नाही’ असा शेरा होता. त्या खोलीची किल्ली बाईंकडे असे.

रहिवाशांची पत्रे थांबवून मी प्रथम त्या गटाच्या समन्वयकांना, अर्थातच फोन न करता, लेखी संदेश पाठवला. त्यात एक भेद जपणे आवश्यक होते. केंद्र बंद करण्याबाबतची मते आधीच्या टप्प्यात मागवून झाली होती आणि निर्णय झाला होता, तेव्हा त्यावर पुन्हा ‘आपले मत कळवावे’ असे लिहिणे म्हणजे निव्वळ फसवणूक ठरली असती. नव्या इमारतीतील खोल्यांची मांडणी मात्र अजून पक्की नव्हती. प्रस्ताव आकार घेत असतानाच मत मागवावे, हे तत्त्व इंग्लंडमधील १९८५ च्या गनिंग खटल्यात, तेही शाळांच्या फेररचनेच्या वादात, मांडले गेले आणि २०१४ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. तो कायदा आम्हाला लागू असो वा नसो, त्यामागचा व्यवहार सगळीकडे सारखाच आहे.

दुपारी उत्तर आले. नवी जागा थोडी लांब असली तरी त्यांची हरकत नव्हती. त्यांना हवी होती श्रवणयंत्रांसाठीची लूप, म्हणजे खोलीच्या कडेने फिरवलेली तार, जिच्या चुंबकीय क्षेत्रामुळे बोलणे थेट यंत्रातील टेलिकॉइल या छोट्या वेटोळ्यापर्यंत पोहोचते. बांधकामातले लोखंड तिचा जोर कमी करते, म्हणून तिचा आराखडा आधीच करावा लागतो. फरशी बसल्यावर ती खाली टाकायची तर उखडाउखड अटळ असते. अभियंत्यांकडे चौकशी केली तेव्हा त्या मजल्याची फरशी अजून बसायची होती असे कळले. त्यांनी ते काम थांबवून ठेवले, आणि वृत्तपत्रांचे निवेदन उशिरा, पण संध्याकाळच्या वापराविषयीच्या एका वाढीव वाक्यासह गेले.

नव्या इमारतीत आपले काम राहणार का, हा बाईंचा स्वतःचा प्रश्न त्यांनी सगळ्यांत शेवटी विचारला. सफाईचा ठेका नव्याने निघायचा असल्यामुळे माझ्याकडे उत्तर नव्हते. ते कोण देणार आणि कोणत्या तारखेपर्यंत, एवढे मी ठेकेदाराच्या पत्रात लिहिले आणि त्या पत्राची एक प्रत बाईंना दिली.