अण्णांचा उजवा हात आणि ३२ चा आकडा

आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर आधी दुधाचा हिशोब असायचा, तारखेच्या चौकोनात बारीक अक्षरात १, दीड, २ असा. आता तिथे २४०, ३१०, ९० (ताप) असले आकडे असतात. घरी येणारा प्रत्येक जण विचारतो हे काय, आणि आई सांगते, "ह्यांच्या हाताचा हिशोब हाय." म्हणजे अण्णांनी, माझ्या वडिलांनी, उजव्या हाताने दिवसभरात किती वेळा काम केलं तो. बरेच दिवस यावर लिहायचं होतं, कारण गेल्या दोन वर्षांत मला सात-आठ जणांनी फोन करून विचारलंय की घरी स्ट्रोकचा (लकव्याचा) पेशंट आहे, तुम्ही काय काय केलं. प्रत्येकाला फोनवर अर्धा तास सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून ठेवते.

दोन वर्षांपूर्वी, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांच्या हातातून ब्रश पडला. तोंड वाकडं झालं, उजवा हात गळाला, बोलायला गेले तर नुसता घशातून आवाज. शेजारचे म्हणाले अंगावरून वारं गेलंय, तेल लावा, एक जण तर कबुतराचं रक्त चोळायला सांगून गेला. त्या गडबडीत किती वेळ गेला याचा विचार केला की मला अजून रात्री झोप लागत नाही. मेंदूतली रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आम्ही पोचलो तेव्हा ती वेळ निघून गेली होती. तेव्हा असं काही दिसलं तर आधी गाडी काढा, तेलाच्या नादाला लागू नका.

गाठ मेंदूच्या डाव्या बाजूला होती म्हणून उजवं अंग आणि बोलणं दोन्ही गेलं. अण्णा ३१ वर्षं एसटीत कंडक्टर होते, दिवसभर बोलायचं काम. हॉस्पिटलमध्ये पाचव्या दिवशी नर्स बेडशीट बदलत होती, ती कडेला आली आणि अण्णा एकदम स्पष्ट म्हणाले, "पुढं सरका, पुढं सरका." आम्ही सगळे रडायलाच लागलो. मग मी विचारलं अण्णा, माझं नाव काय, तर काहीच नाही, नुसते बघत राहिले. नंतर वाचलं की अशा आजारात (अफेजिया म्हणतात) तोंडात बसलेलं बोलणं, म्हणजे आकडे, आरती, शिव्या, रोजची ठराविक वाक्यं, बऱ्याचदा शाबूत राहतं आणि ठरवून एखादा शब्द काढायचा म्हटलं की अडतं. तेव्हा हे माहीत नव्हतं म्हणून मला फार लागलं होतं, की माझ्या आधी एसटी आठवली.

त्याच हॉस्पिटलात मी दुसऱ्या दिवसापासून हट्ट धरून बसले होते की यांना उठवा, चालवा, जेवढं लवकर तेवढं चांगलं. नर्स ऐकेना, मी भांडलेसुद्धा. आता त्यांची माफी मागावीशी वाटते. अॅव्हर्ट नावाचा एक मोठा अभ्यास झाला, मेलबर्नच्या ज्युली बर्नहार्ट यांनी केलेला, पाच देशांतले २१०४ पेशंट, २०१५ साली लॅन्सेट या डॉक्टरी नियतकालिकात आला. पहिल्या २४ तासांत उठवून जास्त जास्त चालवलेल्यांचा निकाल उलट थोडा खालीच आला, तीन महिन्यांनी चांगल्या स्थितीत असलेले त्यांच्यात ४६ टक्के आणि नेहमीच्या पद्धतीवाल्यांत ५० टक्के. नंतरच्या विश्लेषणात दिसलं की सुरुवातीला थोडा थोडा वेळ पण वारंवार उठवणं बरं. माझी घाई मायेपोटीच होती पण चुकीची होती.

डिस्चार्जच्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "सहा महिन्यांत जेवढं येईल तेवढं आपलं." घाईत होते, मागे रांग होती, वाईट हेतू नव्हता. पण या एका वाक्याने आमच्या घराचं फार नुकसान केलं. दादाने घरी येऊन कॅलेंडरवर सहाव्या महिन्याच्या तारखेला गोल केला, आणि आम्ही सगळे त्या गोलाकडे बघत जगायला लागलो, परीक्षेची तारीख असल्यासारखं.

घरी फिजिओ मॅडम यायच्या, आठवड्यातून तीनदा, वीस-पंचवीस मिनिटं. बाई मनापासून करायच्या पण दिवसाला सात घरं, त्या तरी काय करणार. मी पुण्याची नोकरी सांभाळून निम्मे दिवस कराडला असायचे आणि रात्री मोबाईलवर वाचत बसायचे. त्यात एक अभ्यास सापडला, अमेरिका-कॅनडातला, कॅथरीन लँग आणि सहकाऱ्यांचा, २००९ चा. त्यांनी काय केलं तर नुसतं मोजलं. थेरपीच्या सेशनमध्ये बसून पेशंट हाताने कामाची हालचाल किती वेळा करतो हे मोजलं, आणि सरासरी निघाली ३२. प्राण्यांवरच्या प्रयोगांमध्ये मेंदूत बदल दिसतो ते रोजच्या चारशे-सहाशे वेळांवर. आणि इथे माणसाला ३२! तेही अमेरिका-कॅनडात.

दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या तेव्हा मी कोपऱ्यात बसून बोटांवर मोजत होते. त्या दिवशी अण्णांनी स्वतःहून हात हलवला नऊ वेळा. बाकी सगळं मॅडम हात धरून हलवत होत्या. ते सांधे आखडू नयेत म्हणून लागतंच, पण करणारा हात मॅडमचा होता, अण्णांचा नव्हता. मी त्यांना हे सांगितलं, मला भीती होती की राग येईल, पण त्या म्हणाल्या, "ताई, मला माहितीय हो. मी गेल्यावर उरलेल्या साडेतेवीस तासांत काय होतं तेच खरं." आणि मग आम्ही दोघींनी बसून प्लॅन केला.

पहिलं वाटीत शेंगदाणे. उजव्या वाटीतून एक दाणा उचलायचा आणि डाव्या वाटीत टाकायचा. पहिल्या दिवशी अकरा. अण्णा घामाने भिजले होते. मी त्यांना स्माईली बॉल आणून दिला होता दाबायला, मॅडमनी तो बंद करायला लावला, म्हणाल्या मूठ तर आधीच घट्ट होतेय, आपल्याला उघडायला शिकवायचंय. मग कपड्यांचे चिमटे, आणि शेवटी दादाने स्टेशनरीच्या दुकानातून कागदाला भोक पाडायचा हातातला पंच आणला. तो बघून अण्णांचा चेहरा बदलला ते मी विसरणार नाही. तिकीट पंच करायचं म्हणजे त्यांचा आयुष्यभराचा हात. रद्दीच्या पट्ट्या कापून ठेवायच्या, डाव्या हाताने पट्टी पुढे करायची, उजव्याने पंच, आणि मग बोटं उघडून पंच टेबलावर ठेवायचा, ठेवला तरच एक धरायचा. उघडतानाच खरी अडचण, अंगठा सुटायचाच नाही, कधी कधी एका सोडण्याला मिनिट लागायचं, मी काही बोलायचे नाही, मदत करायची नाही असं ठरलेलं, आईला ते बघवायचं नाही म्हणून ती आत जायची. जमिनीवर गोल गोल टिकल्यांचा सडा. तिसऱ्या महिन्याच्या शेवटी आम्ही दिवसाला तीनशेपर्यंत गेलो, सकाळ-दुपार-संध्याकाळ वाटून. शेंगदाण्याला कंटाळा करणारा माणूस पंच मात्र न सांगता मागायचा.

याच काळात मी अटेंड नावाच्या अभ्यासाबद्दल वाचलं आणि दोन दिवस काही सुचलं नाही. हा आपल्याकडचाच, भारतातली १४ हॉस्पिटलं, १२५० पेशंट, २०१७ ला लॅन्सेटमध्ये छापला. विचार अगदी साधा आणि पटणारा, की आपल्याकडे थेरपिस्ट कमी आहेत तर घरच्याच एकाला हॉस्पिटलमध्ये शिकवायचं आणि दोन महिने त्याने घरी करून घ्यायचं. म्हणजे तंतोतंत मी जे करत होते ते. निकाल काय, तर सहा महिन्यांनी मृत्यू किंवा दुसऱ्यावर अवलंबून असणं, दोन्ही गटांत ४७ टक्के. काडीचा फरक नाही.

मी मॅडमना फोन केला, म्हटलं मग आपण हे कशासाठी करतोय. त्या म्हणाल्या नीट वाचा, आणि खरंच परत वाचल्यावर काही गोष्टी कळल्या. एक म्हणजे ज्यांना शिकवलं नाही त्यांच्याही घरी कोणीतरी होतंच, आपल्याकडे पेशंट एकटा पडून असतो असं थोडंच आहे, बायको-मुलगी-सून काही ना काही करतच असते, तेव्हा फरक दिसणं तसंही अवघड. आणि दुसरं, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, घरच्या माणसाला थोडं शिकवलं की थेरपिस्टची जागा भरून निघते हे काही खरं नाही. मला यात निराशेपेक्षा एक प्रकारची सुटका वाटली. कारण आपल्याकडे पेशंट सुधारला नाही की बोट कुणाकडे जातं? "घरच्यांनी व्यायाम नीट करून घेतला नसेल." माझ्या आईला हे तिच्या सख्ख्या नणंदेने तोंडावर ऐकवलंय. बारा तास त्या माणसाचं सगळं करणाऱ्या ६३ वर्षांच्या बाईला! तेव्हा १२५० पेशंटांचा हा अभ्यास माझ्या हातात असता तर मी तिथेच वाचून दाखवला असता.

ब्रिटनमध्ये २०२३ साली नाइसने (उपचारांचे नियम सुचवणारी तिथली सरकारी संस्था) गाईडलाईन बदलली, गरज असलेल्या पेशंटला आठवड्यातून किमान पाच दिवस, दिवसाला किमान तीन तास थेरपी द्यावी असं म्हटलंय. आधी प्रत्येक थेरपीची ४५ मिनिटं होती. तिथेही सगळ्यांना तेवढी मिळत असेल असं नाही, पण निदान लिहून तरी ठेवलंय की किती लागते. आमच्या वाट्याला आठवड्याला एक-सव्वा तास, तोही खिशातून पैसे देऊन. उरलेला डोस आम्ही शेंगदाण्यांत आणि रद्दीत शोधत होतो.

आता त्या सहा महिन्यांबद्दल. डॉक्टर पूर्ण चुकीचं बोलले असं मी म्हणणार नाही. सुरुवातीच्या काळात मेंदू स्वतःहूनच बराच सावरतो, काही करा न करा, म्हणून अण्णांचं जे सुधारलं त्यातलं किती पंचमुळे आणि किती तसंही आलं असतं हे मला सांगता येणार नाही, एका माणसावरून ते कळतच नाही. अमेरिकेत ७२ लोकांवर एक अभ्यास झाला, २०२१ ला आला, त्यात नेहमीच्या थेरपीशिवाय जादा २० तास हाताची थेरपी वेगवेगळ्या वेळी दिली, तर सगळ्यात जास्त फायदा दिसला स्ट्रोकनंतर दोन-तीन महिन्यांच्या आसपास दिली त्यांना, आणि सहा महिन्यांनंतर दिली त्यांना खास नाही. म्हणजे वेळेला महत्त्व आहेच, त्या दोन-तीन महिन्यांत पाहुणे, लग्नं, "जरा विश्रांती घेऊ दे" यात दिवस घालवू नका हे मी कळकळीने सांगते. पण लंडनच्या क्वीन स्क्वेअरमधल्या मेंदूच्या हॉस्पिटलात निक वॉर्ड यांच्या टीमने तीन आठवड्यांत ९० तास थेरपी दिली, २२४ लोक, त्यातल्या कित्येकांना स्ट्रोक होऊन वर्षाच्या वर झालेलं, आणि हात सुधारले, सहा महिन्यांनीही ते टिकलं. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता हे खरं, तरी २० तास आणि ९० तास यात फरक असणारच ना. बोलण्याचंही तसंच, जर्मनीत सहा महिने उलटून गेलेल्या १५६ लोकांना तीन आठवडे, आठवड्याला कमीत कमी दहा तास स्पीच थेरपी दिली आणि रोजच्या व्यवहारातलं बोलणं सुधारलं. तेव्हा सहावा महिना म्हणजे वेग कमी होतो एवढंच, तिथे दार लावून कुलूप घालायचं काही कारण नाही.

आमच्या घरी मात्र कुलूप लागलं होतं. त्या गोलाच्या तारखेनंतर अण्णांनीच पंच बाजूला सारला. जवळपास सात आठवडे कॅलेंडर कोरं आहे, मी ती पानं ठेवलीत. त्यांना तारीख कळत नाही असं आम्ही समजत होतो, पण त्यांना सगळं कळत होतं, बोलता येत नव्हतं एवढंच. दादाने मग नवीन कॅलेंडर आणलं, जुनं कपाटावर टाकलं, आणि आम्ही तीसपासून परत सुरू केलं.

गोळीबद्दल पण विचारतात. फ्लुओक्सेटिनने (ही खरं तर डिप्रेशनची गोळी) हातपाय लवकर येतात असं २०११ च्या एका छोट्या अभ्यासात दिसलं होतं, ११८ लोकांच्या. पुढे ब्रिटनमध्ये ३१२७ लोकांवर केलं तर त्यासाठी उपयोग दिसला नाही, उलट हाडं मोडण्याचं प्रमाण वाढलं. डिप्रेशन असेल आणि डॉक्टरांनी दिली असेल तर ती वेगळी गोष्ट, मनाने बंद करू नका. हाताचा व्यायाम करून घेणाऱ्या रोबोटवर दादा लाख-दीड लाख घालायला निघाला होता, त्यावरही ब्रिटनमध्ये ७७० जणांचा अभ्यास झालाय, नेहमीच्या उपचारांपेक्षा हाताचं काम काही जास्त सुधारलं नाही.

आणि एक चूक, जी आमच्याकडून झाली आणि बहुतेक घरांत होते. अण्णांना उठवताना आम्ही त्यांचा उजवा हात धरून ओढायचो. लुळ्या हाताचा खांदा सैल असतो, ओढला की सांधा दुखावतो, अण्णांना दोन महिने एवढी ठणक होती की हाताला हात लावू देत नव्हते, आणि ते दोन महिने व्यायामाचेही गेले. पाठीमागून, कमरेला धरून उठवा, झोपताना खांद्याखाली उशी द्या. मॅडमनी पहिल्या दिवशीच दाखवलं होतं, आम्ही घाईत विसरलो.

आज काय स्थिती आहे? अण्णा काठी घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत जातात. उजव्या हाताने शर्टाची वरची दोन बटणं सोडून बाकीची लावतात, पेला उचलतात पण भरलेला नाही, सही अजून अंगठाच. स्पीच थेरपिस्ट आठवड्यातून एकदा व्हिडिओ कॉलवर असतात. कराड ते पाटणचे सगळे स्टॉप ओळीने म्हणतात, मधला एखादा विचारला तर मात्र परत कराडपासून सुरुवात करून तिथपर्यंत यावं लागतं. माझं नाव चौदाव्या महिन्यात आलं.

आजचे २१० झालेत. चहा झाला की उरलेले नव्वद, पट्ट्या संपत आल्यात म्हणून मी रद्दी कापायला बसते.