एमराल्ड ते डायमंड: ६३ पॉइंट, ४७ रात्री

मंडळी, सिंगापूरची ४ रात्रींची क्रूझ करून आलो त्याला पंधरा दिवस झाले, परवा अकाउंटला पॉइंट चढले आणि मी लगेच वहीत उतरवून घेतले. एकूण ६३. रॉयल कॅरिबियन ह्या क्रूझ कंपनीची क्राउन अँड अँकर सोसायटी म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या प्रवाशांना पॉइंटवर दर्जा देणारी योजना, तिच्यात ५५ ला एमराल्ड आणि ८० ला डायमंड, म्हणजे आता १७ राहिले. मागची नोंद लिहिली तेव्हा मी ४१ वर होते, मधे दोन क्रूझ झाल्या आणि एक मोठा घोळही निस्तरावा लागला, म्हणून आज जरा सविस्तर.

नवीन लोकांसाठी हिशोब परत एकदा सांगते. तिथे एका रात्रीला एक पॉइंट. ज्युनिअर स्वीट किंवा त्यावरची खोली घेतली तर रात्रीला दोन. आणि एकटं जाणाऱ्याने दोघांचं भाडं भरलं असेल, जे बहुतेक वेळा भरावंच लागतं, तर त्यालाही जादा पॉइंट मिळतो. ३ ला गोल्ड, ३० ला प्लॅटिनम, ५५ ला एमराल्ड, ८० ला डायमंड, १७५ ला डायमंड प्लस आणि ७०० ला पिनॅकल. ७०० म्हणजे साध्या खोलीतून आठवड्याच्या शंभर क्रूझ झाल्या, तो आकडा मी वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलाय आणि तिथेच राहू दिलाय.

आमची बेरीज अशी. २०१५ ला मरिनर जहाज, सिंगापूरहून ४ रात्री, तिथेच गोल्ड झालो. २०१८ ला बार्सिलोनाहून सिम्फनी, ७ रात्री, तेव्हा ती जगातली सगळ्यात मोठी क्रूझ शिप होती आणि पहिले दोन दिवस आम्ही डेक चुकतच होतो. २०१९ ला व्हॉयेजर ५. मग कोविड. २०२२ ला स्पेक्ट्रम ४, २०२३ ला परत स्पेक्ट्रम ४, त्याच वर्षी सिअ‍ॅटलहून अलास्का ७, झाले ३१, प्लॅटिनम. २०२४ च्या डिसेंबरला अँथमवर ५ रात्री पण ज्युनिअर स्वीट, म्हणून १०, झाले ४१. इथपर्यंत मागच्या वेळी लिहिलं होतं.

आता त्यापुढचं. २०२५ ला एथेन्सजवळच्या पिरेअसहून ग्रीक बेटांची ७ रात्रींची क्रूझ ठरली होती, दोघांचे पूर्ण पैसे भरून झाले होते, व्हिसा हातात होता, आणि ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन अचानक पुढे ओढावं लागलं. मी सगळंच रद्द करायला निघाले होते पण हे म्हणाले तू जा, लेक आहे की इथे, पैसे पाण्यात घालू नकोस. गेले. विमानात बसेपर्यंत मला वाटत होतं की चुकतंय, तिथे गेल्यावर पहिल्या रात्री जेवणाच्या टेबलवर एकटी बसले तेव्हा तर फारच, पण वाढायला आलेला मुलगा नेमका रत्नागिरीचा निघाला, माझी आमटीभाताची आठवण त्याला दुसऱ्या दिवशी न सांगता कळली आणि तिसऱ्या दिवसापासून किचनमधून वाटीभर डाळ यायला लागली. मी नेहमीप्रमाणे बाकरवडीची बंद पाकिटं नेली होती, त्यातली दोन त्याला दिली. "काकू, चार महिन्यांनी घरचं काही खाल्लं," म्हणाला.

त्या क्रूझवर जुन्या प्रवाशांचा वेलकम बॅकचा कार्यक्रम होता, खोलीत चिठ्ठी आली होती. ह्या कार्यक्रमांबद्दल आपल्यात नेहमी विचारलं जातं की जायचं का, काय मिळतं. एक-दोन पेयं, फिरते खाण्याचे ट्रे, थोडं गाणं, कॅप्टनचं छोटं भाषण, पुढच्या क्रूझची जाहिरात, एवढंच असतं. पण मी एकही चुकवत नाही आणि त्याचं कारण त्या दिवशी मला नीट कळलं.

कॅप्टनने हातातल्या कागदावरून वाचलं की आज जहाजावर गोल्ड इतके, प्लॅटिनम इतके, डायमंड इतके, टाळ्या होत होत्या, मग सगळ्यात जास्त पॉइंट असलेल्या प्रवाशाचं नाव घेतलं आणि माझ्याच शेजारी बसलेल्या ऑस्ट्रेलियन आजींनी हात वर केला. पायाने अधू होत्या, चाकाच्या खुर्चीत होत्या, उठता येईना. तर कॅप्टन स्वतः स्टेजवरून उतरून आला, त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसला आणि त्यांच्याशी दोन मिनिटं माइक बाजूला ठेवून बोलला. काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. नंतर आजींनी पिशवीतून एक शाळेसारखी रेघांची वही काढून त्याच्यापुढे धरली, त्याने सही केली. मी विचारलं तर त्यांनी ती मला हातात दिली. पानापानावर जहाजाचं नाव, तारखा, खोलीचा नंबर, कॅप्टनचं नाव आणि खोली आवरणाऱ्याचं नाव, एवढंच. पॉइंट कुठेच नव्हते. सुरुवातीच्या पानांवर अक्षर वेगळं होतं, ते त्यांच्या नवऱ्याचं, आणि एका पानापासून पुढे त्यांचं.

मी त्या रात्री खोलीत येऊन माझी वही उघडली, त्यात सगळे पॉइंटच पॉइंट. पुण्याला फोन लावून ह्यांना सगळं सांगितलं आणि जुन्या ईमेलमधून खोल्यांचे नंबर शोधून ठेवायला सांगितले, ह्यांनाही पलंगावर पडल्या पडल्या काम झालं. आठपैकी सहा क्रूझचे सापडलेत. कॅप्टनची नावं तीनच आठवली.

बरं, आता घोळ. ह्या ७ रात्रींचे १४ पॉइंट मिळून ५५ व्हायला पाहिजे होते, घरी येऊन महिना झाला तरी अकाउंटला ४१ च. चौकशी केल्यावर कळलं की माझ्या नावाने दुसराच मेंबरशिप नंबर तयार झालाय आणि पॉइंट तिकडे जमा झालेत. कारण काय तर बुकिंग करणाऱ्या एजंटने सभासद नंबर टाकलाच नव्हता आणि नावही अर्धं लिहिलं होतं. आपल्याकडे पासपोर्टवर स्वतःचं नाव आणि पुढे नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव दोन्ही मिळून गिव्हन नेम होतं, आडनाव वेगळ्या रकान्यात, आणि एजंट मधलं नाव बिनदिक्कत गाळतात, त्यांना वाटतं तेवढ्याने काय होतंय. सिस्टिमला मात्र ती वेगळी बाई वाटते. मी दोन्ही नंबर, बुकिंग नंबर, पासपोर्टचं पान आणि शेवटच्या दिवशीचं बिल असं सगळं जोडून ईमेल केला, तीन आठवडे लागले पण दोन्ही अकाउंट एक झाले. तेव्हा कृपा करून दोन गोष्टी करा: ऑनलाइन चेक-इन करताना आपला नंबर तिथे दिसतोय का ते बघा, आणि पॉइंट चढेपर्यंत बिल आणि खोलीचं कार्ड फेकू नका. आपल्या पुण्यातल्या गटात माझ्यासारखे आणखी दोघं निघाले, त्यातल्या एका वहिनींचे तर जुने ९ पॉइंट परत मिळाले.

आत्ताची सिंगापूरची क्रूझ ह्यांच्या नव्या गुडघ्याची पहिली. ज्युनिअर स्वीट घेतली कारण बाथरूम मोठी असते, ४ चे ८ पॉइंट, झाले ६३. एका पत्त्यावर राहणाऱ्या नवरा-बायकोला वरचा दर्जा दोघांनाही लागतो, त्यामुळे हेही एमराल्ड झाले. पण ह्यांना ते पटत नाही. "माझे ४९ च आहेत, ग्रीसचे तुझे," म्हणतात, आणि कोटावर प्लॅटिनमचीच पिन लावून जेवायला आले.

फायद्यांचं म्हणाल तर खरं सांगते, प्लॅटिनम आणि एमराल्डला फार हाताला लागत नाही. खरी उडी डायमंडला आहे, रोज चार पेयांची सोय कार्डावर येते आणि आमच्यासारख्या न पिणाऱ्यांना ती मॉकटेलवरही चालते, वेगळं लाउंज मिळतं. शिवाय २०२४ पासून रॉयल कॅरिबियन, सेलिब्रिटी आणि सिल्व्हरसी ह्या तिन्ही एकाच ग्रुपच्या कंपन्या एकमेकींचा दर्जा मानतात, तेव्हा डायमंड झालं की सेलिब्रिटीवर थेट त्यांच्या एलिट दर्जाने जाता येईल. हे माझ्या मते सगळ्यात कामाचं. मात्र आपल्या लोकांना सगळ्यात उपयोगी सवलत मला विचाराल तर प्रिन्सेस ह्या दुसऱ्या कंपनीची, त्यांच्याकडे १५ क्रूझ किंवा १५० दिवस झाले की एलिट आणि एलिटला कपडे धुणं फुकट. पंधरा दिवसांच्या क्रूझवर सुती कुर्ते, पंचे, बनियन ह्यांचं काय करायचं हा प्रश्न ज्यांनी बाथरूममध्ये दोरी बांधून सोडवलाय त्यांना ह्याची किंमत कळेल.

आणि हॉलंड अमेरिका. आपल्या गटातले कर्वेनगरचे काका त्यांचेच, त्यांना दुसरी कंपनी दिसतच नाही. तिथे जुन्या प्रवाशांच्या कार्यक्रमात निळ्या-पांढऱ्या डेल्फ्ट पद्धतीची छोटी टाइल देतात आणि काकांनी आपल्या सगळ्या टाइल्स देवघराशेजारच्या भिंतीत गवंडी बोलावून बसवून घेतल्यात. गेल्या आठवड्यात सगळे त्यांच्याकडे जमलो तेव्हा त्यांनी ब्राँझचं मेडल दाखवलं, १०० दिवसांचं. ३०० ला चांदीचं, ५०० ला सोन्याचं, ७०० ला प्लॅटिनमचं, आणि १४०० दिवसांच्या वर प्रेसिडेंट्स क्लब. ह्यात मला आवडलेली गोष्ट म्हणजे मेडलला फक्त प्रत्यक्ष जहाजावर काढलेले दिवस धरतात, स्वीटचे किंवा खर्चाचे बोनस दिवस त्यांच्या स्टार नावाच्या दर्जांना चालतात पण मेडलला नाही. काकांनी हे तीनदा सांगितलं आणि हे माझ्याकडे बघून तीनदा मान हलवत होते.

घरी येताना कर्वे रोडला सिग्नलला थांबलो तेव्हा मी मनात मोजलं. ६३ पॉइंट, पण रात्री किती? ४+७+५+४+४+७+५+७+४, म्हणजे ४७. ह्यांच्या ४०. आता वहीत दोन वेगळे रकाने आखलेत.

मुंबईच्या कॉर्डेलिया कंपनीच्या एम्प्रेस जहाजावरच्या २ रात्री मी ह्यात कुठेच धरलेल्या नाहीत, त्यांना वेगळं पान आहे. त्या पानावर माझा विशेष जीव आहे, कारण हे जहाज १९९० मध्ये रॉयल कॅरिबियनसाठीच बांधलं होतं, तेव्हा नाव नॉर्डिक एम्प्रेस, आणि २०२१ पासून ते आपल्याकडे मुंबईहून सुटतंय. पुण्याहून डेक्कन क्वीनने सीएसएमटी, तिथून टॅक्सीने बॅलार्ड पिअर, म्हणजे सकाळी घरचा चहा घेऊन निघालेला माणूस संध्याकाळी समुद्रात. क्राउन अँड अँकरला त्या रात्रींचा अर्थातच उपयोग नाही, पण जिन्याचे कठडे हाताला लागले तेव्हा वाटलं की इथूनही कुणीतरी आपली पहिली पिन लावून उतरलं असेल.

एक सांगायचं राहिलं, मी तीस वर्षं बँकेत काढली म्हणून बोलते, पॉइंट म्हणजे एफडी नव्हे. जलेश क्रूझेस २०१९ ला मुंबईत थाटात सुरू झाली आणि २०२० मध्ये बंद, त्यांचं कर्णिका जहाज अलंगला तोडायला गेलं. स्टार आणि ड्रीम क्रूझेस चालवणारी गेंटिंग हाँगकाँग २०२२ मध्ये बुडाली. नियमही बदलतात, कार्निव्हल कंपनीने २०२५ ला जाहीर केलं की त्यांचा दर्जा पुढे खर्चावर ठरणार. तेव्हा नुसत्या पॉइंटसाठी न आवडणारी क्रूझ घेऊ नका, आवडती घेताना पॉइंट कसे वाढतील तेवढं बघा.

आता पुढचे १७. माझं गणित सरळ होतं, ज्युनिअर स्वीटमध्ये ९ रात्री, १८ पॉइंट, एका फेरीत डायमंड. ह्यांचं म्हणणं वेगळं, साध्या आतल्या खोलीत तेवढ्याच पैशात दोन क्रूझ होतात, एक ७ ची आणि एक १० ची, आणि १७ च्या १७ रात्री खऱ्या. दोन दिवस वाद झाला. जहाजावर असतानाच पुढच्या बुकिंगचं डिपॉझिट भरून ठेवलंय, त्यामुळे तारखा निवडायला वेळ आहे. ७ ची आधी करायची असं ठरलंय, आतल्या खोलीत. पान आखून झालंय: जहाज, तारीख, खोली, कॅप्टन, खोली आवरणारा. पॉइंटचा रकाना शेवटी, बारीक.