बकरीच्या खुराची वीट

घरामागं नवीन न्हाणीघर बांधायला काढलंय. सोयाबीनचे पैसे हातात आहेत तोवर करून टाकू म्हटलं, नाहीतर ते कुठं जातात कळत नाही. तर मागच्या आठवड्यात विटांचा ट्रॅक्टर खाली झाला आणि पहिला थर लावतानाच मिस्त्रीनं तोंड वाकडं केलं. एक वीट पावणेनऊ इंच, दुसरी सव्वाआठ, तिसरी केळासारखी वाकलेली. परत पाठवू का विचारलं तर म्हणते, "राहू द्या भाऊ, मसाला जास्त लागन, अजून काय." मसाला म्हणजे माझं सिमेंट, त्याचं काय जाते!

रात्री मोबाईलवर सहज सिंधू संस्कृतीच्या विटांचं वाचत बसलो आणि खरं सांगतो, झोपच उडाली. हडप्पा, मोहेंजोदडो, कालीबंगन, एकमेकांपासून शेकडो किलोमीटरवरची गावं आणि विटेचं प्रमाण सगळीकडं एकच, १:२:४. जाडीच्या दुप्पट रुंदी, रुंदीच्या दुप्पट लांबी. घराची वीट साधारण ७ बाय १४ बाय २८ सेंटीमीटर, आणि हे इ.स.पू. २६०० ते १९०० च्या काळात! सकाळी मिस्त्रीला सांगितलं तर तो थापी बाजूला ठेवून तीन विटा घेऊन बसला, एक लांबीनं ठेवली, तिच्यावर दोन आडव्या लावून पाह्यल्या, म्हणते, "हां, मंग दोन आडव्यात एक लांबी बराबर बसते, कोपरा चुकतच नाही." मला रात्रभर वाचून जे कळलं ते त्याला दोन मिनिटात.

विहिरींचं तर अजून भारी. मोहेंजोदडोत सातशेच्या आसपास विहिरी असाव्यात असा अंदाज आहे. त्यांच्या विटा एका बाजूनं निमुळत्या, पाचरीसारख्या, म्हणजे गोल लावल्या की बाहेरून माती जितकी दाबते तितक्या त्या एकमेकींत घट्ट बसतात. उत्खननात भोवतालची माती काढली तरी विहिरी तशाच उभ्या, फोटोत भट्टीच्या धुराड्यासारख्या दिसतात. आमच्या वावरातली विहीर दोन पावसाळ्यात ढासळली, जाऊ द्या.

तिकडं इराकात उर नावाच्या जुन्या शहरातला झिग्गुरात, म्हणजे टप्प्याटप्प्यानं चढत जाणारा देवळाचा मनोरा, इ.स.पू. २१०० च्या सुमारास उर-नम्मू राजानं बांधायला घेतलेला. आत कच्च्या विटा, बाहेरून भाजलेल्या, सांध्यात डांबर आणि विटांवर राजाच्या नावाचा शिक्का. आपल्याकडं विटेच्या खाचेत भट्टीवाल्याची दोन अक्षरं असतात ना, तसंच. सिंधूकडं मात्र राजवाडा म्हणून ठामपणे बोट दाखवावं अशी इमारतच सापडली नाही, मोठं बांधलं ते महास्नानगृह, साधारण १२ मीटर लांब, ७ रुंद, पाणी झिरपू नये म्हणून तिथंही डांबराचा थर. आणि गल्लीगल्लीत विटांच्या झाकलेल्या गटारी. झिग्गुरात की गटारी असं कोणी विचारलं तर मी गटारी घेईन, कायले ते पावसाळ्यात आमच्या गल्लीत येऊन पाहा.

हडप्पाच्या विटा पुढं इंग्रजांच्या काळात लाहोर-मुलतान रेल्वेच्या रुळाखाली खडी म्हणून गेल्या. वाईट वाटतं, पण आमच्या गावाबाहेरच्या पांढरीवरून, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडावरून, आजोबापासून सगळेच भिंती सारवायला माती आणत आलेत, त्यात जुनी खापरं निघतात, ती पोरं नाल्यात फेकतात. कोणत्या तोंडानं इंग्रजांना नावं ठेवू?

आणि एक. सिंधूकडच्याच चन्हुदडो गावाला एक वीट सापडली, ती ओली असताना तिच्यावरून मांजर गेलं आणि मागून कुत्रं, दोघांचे पंजे तसेच भाजले गेले. हे वाचून मी अख्खा ढीग उपसला. कुत्रं नाही पण बकरीचा खूर मिळाला, दोन फाका एकदम स्पष्ट. मिस्त्रीला म्हटलं ही बाहेरच्या अंगाला लावा, खूर दिसला पाह्यजे. म्हणते, "मंग पलस्तर?" तेवढी जागा सोडा म्हटलं. आता भिंत गुळगुळीत आणि मधेच एक चौकोनी खड्डा, आई रोज विचारते, "हे कायले ठेवलं, पाल बसन त्याच्यात."