मॅडम, एक विचारायचं होतं

दार अर्धं उघडतं. आधी सॅकचा पट्टा दिसतो, मग अर्धा चेहरा, आणि मग ते वाक्य येतं. "मॅडम, एक विचारायचं होतं."

सांगलीत केमिस्ट्री शिकवायला लागून मला 22 वर्षं झाली, पण या वाक्यातला 'होतं' अजून पुरता कळलेला नाही. विचारायचं आहे, असं कुणीच म्हणत नाही. होतं. म्हणजे मघाशी जिना चढताना होतं, आता तुमचा चेहरा बघून ते राहिलंय की गेलं ते सांगता येत नाही. तुम्ही कामात असाल तर नव्हतंच असं समजा. इतकी सोय व्याकरणातल्या दुसऱ्या कुठल्या काळात नसेल.

कॉलेजनं माझ्या नावावर 25 मुलं लावून दिली आहेत. मी त्यांची मेंटॉर. प्रत्येकाचं वहीत एकेक पान, त्यावर रकाने: तारीख, अडचण, केलेली उपाययोजना, सही. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची टीम यायची असली की पहिल्यांदा हीच वही शोधली जाते. अडचणीच्या रकान्यात मायनरची, म्हणजे मुख्य विषयाच्या जोडीला घ्यायच्या दुय्यम विषयाची, निवड असो, हजेरी असो नाहीतर वडिलांचं आजारपण, शेजारच्या रकान्यात मी लिहिते, 'मार्गदर्शन केले'. माझ्या आधी हे काम ज्या सरांकडे होतं त्यांनी तर पहिल्या ओळीत एकदाच 'मार्गदर्शन केले' लिहून खाली पानभर दोन-दोन छोट्या रेघा मारल्या होत्या. मला तेव्हा हसू आलं होतं.

जूनमध्ये प्रवेश सुरू झाले की पहिले पंधरा दिवस सगळे प्रश्न कागदावरचेच असतात. नव्या शैक्षणिक धोरणानं विषयांच्या टोपल्या केल्या आहेत. मेजर, मायनर, ओई, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस, सीसी. सेमिस्टरला 20 ते 22 क्रेडिट भरायचे, थिअरीचा एक क्रेडिट म्हणजे 15 तास, प्रॅक्टिकलचा 30. ओई, म्हणजे ओपन इलेक्टिव्ह, दुसऱ्याच शाखेचा घ्यायचा, म्हणजे सायन्सच्या पोरानं कॉमर्सकडचं नाहीतर आर्ट्सकडचं काहीतरी. हे सगळं मी खडूनं फळ्यावर काढून दाखवते. गेल्या वर्षी एक आजोबा नातीबरोबर आले होते. टोपी मांडीवर ठेवून त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग फळ्याकडं बोट करून म्हणाले, "बाई, ह्यात बीएस्सी कुठं हाय?"

मी खूप शोधलं.

मायनर कोणता घ्यावा, यावर आवड, कल, पुढच्या संधी असं बरंच बोलता येतं. मीही बोलायचे. एकदा कवठेमहांकाळकडच्या एका मुलीला अर्धा तास समजावलं की तिला गणित झकास येतंय, तर मायनर गणितच घ्यावं. मान डोलावून गेली आणि फॉर्मवर बॉटनी लिहून आली. मला राग आला. का गं, विचारलं, तर खाली बघत म्हणाली, "गणिताचा तास पाचला सुटतोय मॅडम. आमची गाडी पावणेपाचची. पुढची गाडी गावात जात नाही, फाट्यावर सोडती." फाट्यापासून गाव तीन किलोमीटर, आणि हिवाळ्यात साडेसहाला मिट्ट काळोख. तेव्हापासून माझ्या टेबलाच्या काचेखाली एसटीचं वेळापत्रक आहे. टाइमटेबल कमिटीच्या मीटिंगला मी ते घेऊन जाते. दोन तास सकाळी हलवून घेतले, बाकीचे हलले नाहीत. दिल्लीत बसून ज्यांनी मायनरची कल्पना काढली त्यांना सांगली स्टँड ठाऊक असण्याचं कारण नाही. आम्हाला तर आहे?

द्राक्षबागांच्या ऑक्टोबरच्या छाटणीनंतर तासगावकडची बाकं रिकामी होतात. हजेरी 75 टक्क्यांच्या खाली गेली की नावं माझ्याकडं येतात. असाच एक उंच मुलगा समोर उभा होता. पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत किती भाग याच्या, गणितात त्याला शून्य मिळालेलं. मी विचारलं, बागेत काय करत होतास? म्हणाला, "डिपिंग चालू हाय." जीएच्या, म्हणजे जिबरेलिक ॲसिडच्या, पाण्यात द्राक्षाचे घड बुडवायचे. किती पीपीएमचं पाणी करता? म्हणाला, "दहाचं. एका ग्रॅमला शंभर लिटर." बरोबर. पावडर थेट पाण्यात टाकतोस? "न्हाई, आधी ॲसिटोनमध्ये विरघळवायची, मग पाण्यात." तेही बरोबर. हेच पेपरात का नाही लिहिलंस, म्हटल्यावर तो खरोखर गोंधळला. पेपरात ते विचारलंय हे त्याला माहीतच नव्हतं. त्या दिवशी वहीत काय लिहावं सुचेना. मार्गदर्शन झालं होतं खरं, पण कुणी कुणाला केलं?

जुलै-ऑगस्टमध्ये पाऊस लागला की मात्र एकच प्रश्न, आणि त्यात 'होतं' नसतं. "मॅडम, आयर्विनला किती फूट आहे?" आयर्विन म्हणजे कृष्णेवरचा पूल, पुराचं पाणी तिथं मोजतात. 40 ला इशारा, 45 ला धोका, हे इथल्या पोरांना पाढ्यासारखं येतं. त्या आठवड्यात कुणी दारात घुटमळत नाही. सरळ आत येतात, विचारतात, सॅक उचलतात, घरी जातात.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसले, त्याचं.

तो विट्याजवळच्या एका गावचा. पहिल्या वर्षाला होता, मार्क बरे, अक्षर फार सुंदर. फेब्रुवारीत एकदा दारात आला. एक विचारायचं होतं. विचार, म्हटलं. "एक वर्ष करून सोडलं तर परत घेत्यात काय?" नियम मला नुकतेच पाठ झाले होते, आणि पाठ झालेलं कुणी विचारलं की माणसाला जो उत्साह येतो तो मला आला. पहिल्या वर्षाचे 40 ते 44 क्रेडिट, वर कौशल्याचे 4, एवढे झाले की सर्टिफिकेट घेऊन बाहेर पडता येतं. तीन वर्षांच्या आत परत येता येतं. सगळं मिळून सात वर्षांत डिग्री पुरी करायची. क्रेडिट एबीसीच्या, म्हणजे ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या, खात्यात राहतात, बँकेत पैसे राहावेत तसे. कागदावर बाणबिण काढून दिले. तो "हा मॅडम, हा मॅडम" करत होता. कागदाची नीट घडी घातली, खिशात ठेवली, उठला. दाराच्या कडीला हात लावून थोडा थांबला. मी पुढच्या तासाचं पुस्तक शोधत होते. "बरंय मॅडम," म्हणाला आणि गेला.

वहीत लिहिलं: एक्झिटच्या नियमांबाबत शंका. मार्गदर्शन केले.

जूनमध्ये तो आला नाही. मुलांनी सांगितलं, कोइमतूरला मामाच्या गलाईवर गेला. विटा, आटपाडी, खानापूर भागात यात नवल काही नाही. तिकडची माणसं पिढ्यान्‌पिढ्या देशभर सोनं-चांदी गाळून शुद्ध करायच्या धंद्यात आहेत, एका घरातला एक जण गेला की पाठोपाठ भाचे-पुतणे जातात. मला खुपलं ते वेगळंच. त्यानं मला विचारलं होतं. मी उत्तरही दिलं होतं, अगदी अचूक.

परवा गावच्या जत्रेला म्हणून तो आला आणि तसाच कॉलेजात आला. अंगानं भरलाय. टेबलावर मिठाईचा बॉक्स ठेवताना बोटं दिसली. टोकं पिवळी, एका ठिकाणी जवळजवळ तपकिरी. दरवर्षी मी लॅबमध्ये सांगते की नायट्रिक ॲसिड कातडीवर पडलं की प्रोटीन पिवळं पडतं, झँथोप्रोटिक टेस्ट, दोन मार्कांना येते. ग्लोव्हज घालत नाहीस का, असं तोंडातून गेलंच. तो हसला. "घालतो की. मूस धरताना काढतो."

मग अर्धा तास तोच बोलत होता. जुन्या दागिन्यातलं सोनं काढायचं तर आधी त्यात आणखी चांदी घालून वितळवायचं, सोनं चौथ्या हिश्श्यावर आणायचं. नाहीतर ॲसिड आतपर्यंत पोचतच नाही. मग चांदी विरघळते, सोनं तळाशी राहतं. "बुक्क्यासारखं दिसतंय मॅडम. तपकिरी. पहिल्यांदा बघितलं तर म्हटलं, गेलं सगळं." पुस्तकात हे अडीच ओळींत आहे. मी 22 वर्षं त्या अडीच ओळी शिकवतेय, आणि ती तपकिरी पूड एकदाही डोळ्यांनी पाहिलेली नाही.

बेल झाली. तो उठला, सॅक खांद्यावर टाकली, दारापर्यंत गेला आणि कडीला हात लावून उभा राहिला. या वेळी मी पुस्तक शोधलं नाही.

"मॅडम, एक विचारायचं होतं."

"विचार."

"ते लायब्ररीचं डिपॉझिट हाय न्हवं माझं. ऑफिसात म्हणाले, दाखला काढा आणि घेऊन जावा." तो थांबला. "न्हाई घेतलं तर चालतंय काय?"

"राहू दे की," मी म्हटलं. "कोण मागतंय?"